दुखत नाही, हेच दुखणं

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या आहेत आणि गेली अकरा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवतात. दिवसाला दीडशेच्या आसपास भाकऱ्या, जवळपास तेवढ्याच पोळ्या. दोन वर्षांपासून डाव्या हाताला तव्याचा चटका समजेनासा झाला. त्यांना वाटलं, हात सरावला. मग एकदा बोटांवरचे फोड त्यांच्याआधी मुलीनेच पाहिले. घरात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून तो नाही असं सांगितलं, तरी सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी काढली ती काढलीच. अलीकडे कणीक मळताना डावा हात लवकर दमतो आणि खोकला आला की मानेच्या वर, डोक्याच्या मागे कळ जाते. एमआरआयमध्ये मानेपासून छातीपर्यंतच्या मज्जारज्जूत पाण्याने भरलेली पोकळी दिसली, आणि लहान मेंदूचं टोक कवटीखाली ९ मिलिमीटर उतरलेलं दिसलं. एका न्यूरोसर्जननी कवटीच्या तळाशी जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी मानेच्या वरच्या दोन मणक्यांत स्क्रू घालण्याचं. मोठे दीर म्हणतात, दुखत नाही तर मान कशाला कापायची. ते एका मालिशवाल्याकडे न्यायला निघाले आहेत. पती काहीच बोलत नाहीत. ताई विचारतात: दुखत नसताना ऑपरेशन करावं का? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी उरकून मग बघितलं तर? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, खरं कोणाचं? आणि हात पहिल्यासारखा होईल का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. 'मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, बघा, माझा हात आता विस्तवाला सरावलाय.' अकरा वर्षं तव्यापुढे उभं राहून जे कमावलं, त्याचाच हा एक भाग असं तुम्हाला वाटत होतं. ते तसं नाही हे कळल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल, याची मला थोडी कल्पना आहे. मी सर्जन नाही. ज्यांचे हात आजारामुळे दुबळे होत गेले अशा माणसांना हात वापरायला शिकवणं, ऑक्युपेशनल थेरपी, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. त्यात तुमच्यासारखे हात मी पाहिले आहेत.

भाकरी थापणाऱ्या हाताची कातडी जाड होते हे खरंच आहे. माझी आजी चुलीतला निखारा दोन बोटांनी उचलून बाजूला सारायची. पण तो तिला गरम लागायचा, म्हणून तर ती झटकन सोडायची. सरावलेला हात चटका सोसतो. तुमच्या हाताचा चटका मेंदूपर्यंत पोचतच नाही. फोड आल्याचं मुलीने पाहून सांगावं लागलं, तिथेच सरावाचा विषय संपला.

मराठीत आपण आजाराला दुखणंच म्हणतो. 'काय दुखणं आहे त्यांना?' असं विचारतो, 'मोठ्या दुखण्यातून उठला' असं म्हणतो. त्यामुळे दुखत नाही म्हणजे दुखणं नाही, हा तुमच्या दिरांचा हिशेब आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसलेला आहे. त्यांच्यावर रागावू नका. पण तुमच्या आजाराला तो हिशेब लागू पडत नाही. हाताचं न दुखणं हेच तुमच्या आजाराचं पहिलं लक्षण होतं, आणि दुखेल तेव्हा बघू असं ठरवलंत तर ज्याची वाट पाहताय ते कदाचित कधी येणारच नाही. तोवर हातातलं बळ मात्र जात राहील.

हे असं का होतं ते सांगते, कारण ते एकदा समजलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. गरम, गार आणि वेदना यांचे संदेश हातातून मज्जारज्जूत शिरले की एक-दोन मणक्यांच्या उंचीतच मधोमध ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात, आणि तिथून मेंदूकडे चढतात. तुमच्या मज्जारज्जूतली पोकळी नेमकी त्या मधल्या भागात आहे. ओलांडून जाणारे हे धागे आधी ताणले जातात, मग निकामी होतात. नुसत्या स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने सरळ वर जातात, ते शाबूत राहतात. म्हणूनच तुम्ही लिहिता तसं, गल्ल्यात न पाहता हात घातला तरी नाणं रुपयाचं की पाचाचं हे डावा हात बरोबर ओळखतो, आणि तोच हात तापलेला तवा ओळखत नाही. पोकळी मोठी होत गेली की दोन्ही हात, खांदे आणि पाठीचा वरचा भाग, शाल पांघरावी तसा हा बधिरपणा पसरू शकतो. तुम्ही फक्त डाव्या हाताबद्दल लिहिलंय. पुढच्या भेटीत उजव्या हाताचं आणि खांद्यांचंही गरम-गार डॉक्टरांकडून तपासून घ्या. 'चांगला' समजलेला हातच भाजलेला मी पाहिला आहे.

या आजाराचं नाव सिरिंगोमायेलिया. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे बोरूचा पावा, पोकळ नळी. ओलिव्हिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८२७ साली हे नाव दिलं. पोकळी होते कशी? मेंदू आणि मज्जारज्जू पाण्यात तरंगत असतात. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवीन तयार होतं आणि तितकंच शोषलं जातं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते कवटीतून मानेत आणि मानेतून कवटीत असं हलतं. कवटीच्या मागच्या खालच्या कप्प्यात जागा जन्मतःच अंमळ कमी असली, तर लहान मेंदूची टोकं खाली उतरतात आणि कवटीच्या तळाच्या भोकात बुचासारखी बसतात. साधारण ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतरली की डॉक्टर त्याला कियारी म्हणतात. प्रागमधल्या हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं. तुमची ९ मिलिमीटर उतरली आहेत. वाट अशी अडली की दर ठोक्याला ती टोकं दट्ट्यासारखी खाली दाबली जातात आणि पाणी मज्जारज्जूच्या आत रेटलं जातं. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना दाब आणखी वाढतो. तुमची ती डोक्यामागची कळ तिथून येते.

पिठाच्या गोण्या उचलल्या म्हणून हे झालं का, असं तुम्ही पत्राच्या कडेला लहान अक्षरांत विचारलंय. नाही. गोण्यांनी नाही, भाकऱ्यांनी नाही, बाळंतपणानंतर लवकर कामाला लागलात म्हणूनही नाही. जोर केल्याने त्रास वाढू शकतो, म्हणून यापुढे गोणी आणि गॅसची टाकी दुसऱ्याने उचलावी. पण मूळ कारण तुमच्या हाडांच्या ठेवणीत आहे, त्यात तुमची काही चूक नाही. मुलीला हे येईल का, ही भीतीही बहुतांशी बाजूला ठेवा. काही मोजक्या कुटुंबांत कियारी एकापेक्षा जास्त जणांना असतो, बहुतेकांत तसं नसतं. तिला काही त्रास नसताना एमआरआय काढायची गरज नाही. खोकल्यासरशी डोकं दुखणं, हाताला गरम न समजणं किंवा पाठीला बाक येणं असं काही दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

आता ताटाबद्दल. ती ओळ वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

न कळत भाजलेली बोटं पाहून आपल्याकडे आधी कुष्ठरोगाचा संशय येतो, आणि डॉक्टरांनी तो तपासणं बरोबरच असतं. ही गल्लत जुनी आहे. फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातले डॉक्टर मोरवान यांनी १८८३ मध्ये, बोटं पिकली तरी दुखत नाहीत अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. ते कुष्ठरोगी की मज्जारज्जूचे रुग्ण, यावर पुढे डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला. फरक ओळखता येतो: कुष्ठरोगात बहुतेकदा त्वचेवर चट्टे असतात, कोपराजवळची नस जाड लागते, आणि बधिर जागी साधा स्पर्शही कमी होतो. तुमचा स्पर्श शाबूत आहे, चट्टा नाही, आणि एमआरआयमध्ये कारण समोर दिसतंय. म्हणजे शंकेला जागा उरली नाही.

पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. समजा कुष्ठरोग असता, तरी ताट वेगळं काढायचं कारण नव्हतं. तो जेवणाच्या भांड्यांतून पसरत नाही, औषधं सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, आणि माणूस बरा होतो. आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं, तिथे अजून ताटं वेगळी निघतात. सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका. पुढच्या वेळी पतींनी त्यांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवावं आणि डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकवावं. वयस्क माणसं घरातल्या सुनेचं ऐकत नाहीत ते कधीकधी पांढऱ्या कोटाचं ऐकतात. ताट त्याच दिवशी परत आलं पाहिजे, असं पतींनी स्पष्ट सांगावं. हे काम त्यांचं आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. पोकळी दिसली की ऑपरेशन, असं प्रत्येकासाठी नसतं, हे इतर वाचकांसाठी आधी लिहिते. कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मध्यभागी दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघ दिसते आणि अहवालात 'सिरिंक्स' हा शब्द वाचून माणूस हादरतो. हात-पाय ठीक असतील, कियारी नसेल, गाठ नसेल, तर अशी रेघ बहुतेकदा वर्षानुवर्षं तशीच राहते. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून पाहायचं, बस्. तुमचं तसं नाही, ताई. तुमची पोकळी मानेपासून छातीपर्यंत आहे, तिचं कारण दिसतंय, आणि हात दमायला लागलाय. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीला चिकटवून दाबा आणि त्या दोहोंमधली, हाताच्या मागच्या बाजूची गादी बघा. उजव्या हाताशी ताडून बघा. ती खोलगट झाली असेल तर स्नायू झडायला सुरुवात झाली आहे.

आणि झडलेला स्नायू क्वचितच परत भरतो. म्हणून 'हात पहिल्यासारखा होईल का' या प्रश्नाचं खरं उत्तर आधीच देते, कारण चुकीच्या आशेवर झालेल्या ऑपरेशननंतर माणसं फार खचतात. या ऑपरेशनचा पहिला हेतू आजार पुढे सरकू न देणं हा असतो. खोकल्याची डोकेदुखी बहुतेकांची चांगली कमी होते. बळ थोडंफार सुधारू शकतं. गरम-गार न कळणं बऱ्याच जणांत तसंच राहतं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं तरी तुमच्या डाव्या हाताला तवा कदाचित कधीच गरम लागणार नाही. जे आज हातात आहे ते राखायचं, यासाठी ऑपरेशन करायचं. मला विचाराल तर ते कारण पुरेसं मोठं आहे, कारण तुमचं घर या हातांवर चालतं.

वाट पाहण्याचा परिणाम काय होतो त्याचं एक उदाहरण. उसाचं काम करणारे एक शेतकरी दादा माझ्याकडे पाठवले गेले होते. खांदा भोपळ्यासारखा सुजलेला. दुखत नव्हता, म्हणून दोन हंगाम ते तसेच कोयता चालवत राहिले. वेदनेचा पहारा उठला की सांध्याला कुठे थांबायचं हे कळत नाही. आतली हाडं झिजून त्यांचा चुरा झाला होता. कारण तेच, मज्जारज्जूतली पोकळी. त्यांचं ऑपरेशन नंतर झालं, पोकळीही आकसली, पण खांदा गेला तो गेला.

दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात याचा अर्थ तुम्ही 'कोणीतरी फसवतंय' असा लावलाय. जरा वेगळ्या बाजूने बघा. ऑपरेशन हवं, यावर दोघांचं एकमत आहे. मतभेद आहे तो मूळ अडचण कुठे आहे यावर, आणि तो फक्त तुमच्या दोन डॉक्टरांमधला नाही. हे पाणी आत कसं शिरतं यावर गेली साठ-सत्तर वर्षं वाद चालू आहे. वर सांगितलेली दट्ट्याची कल्पना अमेरिकेतले सर्जन एडवर्ड ओल्डफील्ड यांनी १९९४ मध्ये मांडली, आणि तिच्या आधारे कवटीच्या तळाशी जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन जगभर होतं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केलेले डॉ. अतुल गोयल यांची मांडणी निराळी आहे. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा अस्थिर असतो, तेच मूळ आहे, म्हणून तो सांधा पक्का करावा असं ते म्हणतात. जगातले बरेच सर्जन सरसकट सगळ्या रुग्णांना हे लागू करायला तयार नाहीत. पण ज्यांचा सांधा तपासणीत खरोखरच अस्थिर दिसतो, किंवा दुसऱ्या मणक्याचं टोकदार हाड वर कवटीत घुसलेलं असतं, त्यांना तो पक्का करावाच लागतो, हे सगळेच मानतात. कवटी आणि मानेच्या सांध्यातले असे दोष आपल्या देशात बरेच दिसतात, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी हा विचार केला यात वावगं काही नाही.

तेव्हा 'खरं कोणाचं' हे न विचारता 'माझा सांधा अस्थिर आहे का, आणि तो कशात दिसतो' हे दोघांनाही विचारा. मान पुढे वाकवून आणि मागे वाकवून काढलेले एक्स-रे आणि त्या भागाचा सीटी स्कॅन झालाय का, ते बघा. पत्रात त्यांचा उल्लेख नाही. सांधा स्थिर असेल तर जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन हा जास्त रुळलेला रस्ता आहे. स्क्रू घालायचे असतील तर किंमत कोणती, हेही समजून घ्या: डावी-उजवीकडे मान वळवतो त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल त्या एका सांध्यातून होते. तो पक्का केला की तेवढं वळणं कमी होतं. गरज असेल तर ही किंमत द्यावी, पण माहीत असून द्यावी. याशिवाय पूर्ण पाठीचा एमआरआय, इंजेक्शन देऊन, झालाय का? मज्जारज्जूतली गाठ, मागे झालेला टीबीचा मेंदूज्वर, जुना अपघात यांनीही अशी पोकळी होते, आणि तेव्हा उपाय बदलतो. अशी किती ऑपरेशनं केलीत आणि पोकळी आकसली नाही तर पुढे काय, हे विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

'मान कापणार' हे शब्द तुमच्या घरात फार फिरताहेत, म्हणून नेमकं काय करतात ते सांगते. मानेच्या मागे मधोमध छेद घेतात. कवटीच्या तळाचं थोडंसं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. बऱ्याचदा मेंदूचं जाड आवरण उघडून त्याला ठिगळ लावून ते सैल करतात. मज्जारज्जूला सहसा हातही लावत नाहीत. वाट मोकळी झाली की पोकळी काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, आपोआप आकसू लागते. आकसलीच नाही तर पोकळीतून नळी बसवण्याचा पर्याय नंतर असतो. धोके आहेत: ठिगळातून पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग, आवरणाला सूज येऊन ताप-डोकेदुखी, काहींना दुसरं ऑपरेशन. मज्जातंतूंना इजा होणं क्वचित घडतं, पण घडू शकतं. हे सगळं सर्जनच्या तोंडून पतींनीही ऐकावं. त्यांच्या गप्प राहण्याला तुम्ही नाराजी समजताय. मला ती भीती वाटते. त्यांना एमआरआयच्या पडद्यावर ती पांढरी पोकळी प्रत्यक्ष दाखवायला सांगा. डोळ्यांनी पाहिलं की बोलायला शब्द सुचतात.

मालिशवाल्याकडे जाऊ नका. यात मी मधला मार्ग सुचवणार नाही. ज्या मानेत मेंदूचं टोक भोकात अडकून बसलंय आणि वरचा सांधा कदाचित सैल आहे, ती मान कोणी झटका देऊन मोडली तर हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही अडकू शकतो. तेल लावून हलक्या हाताने खांदे चोळण्याबद्दल मी बोलत नाही, मानेला हात नको. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, कपालभाती, भस्त्रिका हेही सर्जनना विचारल्याशिवाय नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, जोर करावा लागू नये. आणि कुठल्याही कारणाने पाठीत सुई घालून भूल द्यायची किंवा पाणी काढायचं ठरलं, तर आधी त्या डॉक्टरांना एमआरआय दाखवा.

हाताची राखण आजपासून सुरू करा, ऑपरेशनची वाट न पाहता. आता डोळ्यांनी हाताचं काम करायचं आहे. तव्याशी उजव्या हाताने, लांब दांड्याच्या चिमट्यानेच. पातेलं उतरवायला सांडशी, फडकं नको, कारण भिजलेल्या फडक्यातून वाफ लागते आणि तुम्हाला ती कळणार नाही. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून बघायचं काम मुलीचं. शेकायची रबरी पिशवी खांद्याला, मानेला कधीच लावू नका. पिशवीने पाठ भाजून आलेले रुग्ण मी पाहिलेत. स्कूटरचा सायलेन्सर, इस्त्री, चहाचा स्टीलचा पेला, देवापुढची उदबत्ती, सगळीकडे हाच नियम. रात्री निजण्याआधी उजेडात दोन्ही हात उलटसुलट करून बघा, बोटांच्या बेचक्यांतही. फोड दिसला तर फोडू नका, धुऊन झाकून ठेवा आणि दाखवा. कणीक मळायला यंत्र घ्या. ते चैनीचं नाही, तुमच्या औषधोपचाराचा भाग आहे.

खर्चाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तो मनात असणारच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन विचारा. पुण्याच्या ससूनमध्ये, मुंबईच्या के.ई.एम. आणि जे.जे.मध्ये न्यूरोसर्जरी विभाग आहेत. कोकणाच्या टोकाला राहणाऱ्यांना गोव्यातलं बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. एमआरआयचा नुसता कागदी अहवाल घेऊन फिरू नका, सीडी मागून घ्या आणि जपून ठेवा. ऑपरेशननंतरच्या एमआरआयशी ताडून पाहायला ती लागेल. आणि हाताचं बळ कायमचं कमी झालं, तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेण्यात कमीपणा मानू नका.

एक परिच्छेद पालकांसाठी. मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीला बाक येतोय आणि सगळे 'दप्तर जड आहे' म्हणताहेत, तर एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाक डावीकडे असेल, मूल लहान असेल किंवा डोकेदुखी सोबत असेल, तर एमआरआयबद्दल जरूर विचारा. काही मुलांत ही पोकळी पहिल्यांदा अशीच उघडकीला येते.

राहिली दिवाळी. हा आजार सहसा वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो, त्यामुळे दोन-चार आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. पण तारीख फराळाने ठरवू नका. पुढच्या आठवड्यात तपासण्या पुऱ्या करून सर्जनना सरळ विचारा, 'माझ्या हाताचं बळ न घालवता मी किती आठवडे थांबू शकते?' ते जे सांगतील त्यात दिवाळी बसली तर बसली. नाहीतर गिऱ्हाईकांना यंदा आधीच सांगा. अकरा वर्षं तुमच्या हातचं खाणारी माणसं एका वर्षाने तुटत नाहीत. मध्येच गिळताना ठसका लागू लागला, आवाज बसला, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, झोपेत श्वास अडकतोय असं घरच्यांना दिसलं, किंवा हात एकाएकी लुळा वाटला, तर कढई उतरवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि ऑर्डरी घेतल्यातच, तर तळणीपुढे तुम्ही उभ्या राहू नका. उकळतं तेल मनगटावर उडालं तरी तुम्हाला ते कळणार नाही. सोऱ्या मुलीच्या हातात द्या, झारा मदतनीस बाईंच्या. भाजणी किती खमंग, मोहन किती, चकलीला काटा कसा यायला हवा, हे सगळं तुमच्या डोळ्यांत आणि जिभेत आहे. ते सांगायला खुर्ची टाकून बसा, कढईपासून चार हात लांब.